अमेरिकेतल्या लहान ख्रिस्ती विद्यापीठात पहिलं सत्र: चॅपल, मील प्लॅन, विमा आणि आय-२० कसं सांभाळायचं

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, म्हणजे इंडियाना, मिशिगन, इलिनॉय, आयोवा या राज्यांत, हजार-दोन हजार विद्यार्थ्यांची ख्रिस्ती विद्यापीठं बरीच आहेत. वर्ग छोटे, प्राध्यापक नावानिशी ओळखणारे, आणि गाव इतकं लहान की सिटी बससुद्धा नसते. आपल्याकडे फिरणारा सल्ला मात्र मोठ्या सरकारी विद्यापीठांचा असतो. तिथे शेकडो भारतीय असतात, आधीच्या वर्षीचे सीनियर सगळं सांगतात, देशी दुकान पायी अंतरावर असतं. इथे तुमच्या तुकडीत तुम्ही एकटेच मराठी असण्याची शक्यता मोठी.

लहान विद्यापीठात सोयी कमी नसतात, माणसं कमी असतात. परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय म्हणजे अनेकदा एकच व्यक्ती. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) तीच काढते, विमानतळावर गाडीही तीच पाठवते आणि नोकरीसाठीचं पत्रही तीच देते. ती आठवडाभर रजेवर गेली की तुमचं काम आठवडाभर थांबतं. म्हणून प्रत्येक काम तारखेच्या बरंच आधी आणि ईमेलवर लेखी मागा. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

१. होकार कळवण्याआधी करारपत्र वाचा

‘ख्रिस्ती’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळी विद्यापीठं येतात. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात विद्यार्थी एका आचारसंहितेवर सही करतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना चॅपलची, म्हणजे कॅम्पसवरच्या सामुदायिक उपासनेची, हजेरी द्यावी लागते. मिशिगनमधल्या कॅल्विन विद्यापीठात चॅपलला जाणं ऐच्छिक आहे. मिशिगनमध्येच बेरियन स्प्रिंग्जचं अँड्र्यूज विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं आहे. तिथलं भोजनगृह शाकाहारी आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. कॅथलिक विद्यापीठांत मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जाण्याची सक्ती सहसा नसते, पण धर्मशास्त्राचे एक-दोन विषय घ्यावे लागतात.

मुंबईच्या विल्सन किंवा नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्यांना वाटतं, ख्रिस्ती संस्था आपल्याला ठाऊक आहे. तिथे पदवी मुंबई किंवा नागपूर विद्यापीठाची असते आणि कॉलेजच्या चॅपलचा तिच्याशी संबंध नसतो. अमेरिकेत पदवी देणारी संस्थाच ख्रिस्ती असते, त्यामुळे चॅपलची हजेरी आणि बायबलचे विषय पदवीच्या अटींत बसू शकतात.

आचारसंहितेच्या या करारपत्रात साधारण या गोष्टी असतात: दारू, तंबाखू आणि गांजा बंद (२१ वर्षं पूर्ण झाली असली तरी), विवाहबाह्य शरीरसंबंध बंद, मुलांनी मुलींच्या आणि मुलींनी मुलांच्या खोल्यांत जाण्याच्या ठरलेल्या वेळा. अनेक करारपत्रांत विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुष अशीच केलेली असते. समलिंगी विद्यार्थ्यांनी हे कलम आधी वाचून मगच निर्णय घ्यावा, कारण धार्मिक संस्थांना भेदभावविरोधी कायद्यातून काही सवलती असतात आणि नंतर दाद मागणं अवघड जातं.

प्रवेश कार्यालयाला ईमेलने तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं जपून ठेवा:
• ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्याला चॅपल आणि बायबलचे विषय सक्तीचे आहेत का, आणि किती?
• चॅपलची हजेरी कमी पडली तर नेमकं काय होतं?
• शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, आणि करारभंग झाला तर ती जाते का?

तुम्ही ख्रिस्ती असाल तर चौथा प्रश्नही विचारा: तुमच्या चर्चच्या मंडळीने काही रक्कम दिली तर तेवढीच भर घालणारी योजना आहे का? अनेक विद्यापीठांत ती असते, पण आपणहून कोणी सांगत नाही. पाळकांचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला इंग्रजीत करून ठेवा.

२. निघण्याआधी जमवायची कागदपत्रं

हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात नव्हे:
• पासपोर्ट, सही केलेला आय-२०, सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंद) शुल्काची पावती
• प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, पैशांची सोय दाखवणारी कागदपत्रं
• लसीकरणाचा दाखला: गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, त्यांच्या तारखांसकट, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा
• गुणपत्रिका, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासक्रमाचा तपशील (आधीच्या अभ्यासाचे क्रेडिट, म्हणजे विषयांचे भारांक, वळते करायचे असतील तर)
• नेहमीच्या औषधांची इंग्रजी चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव. ब्रँडचं नाव तिथे कोणाला कळत नाही

क्षयाच्या तपासणीत भारतीय विद्यार्थी हमखास अडकतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि फेऱ्या सुरू होतात. इग्रा नावाची रक्तचाचणी बीसीजीने बिघडत नाही. विद्यापीठाला ती चालते का आणि भारतात केलेली चालते का, हे आधी विचारून घ्या.

दातांची कामं आणि चष्मा भारतातच उरकून घ्या. विद्यार्थ्यांच्या विम्यात हे दोन्ही सहसा नसतं. चष्म्याची एक जादा जोडी न्या.

नावाचा घोळही इथेच मिटवा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. विद्यापीठ, बँक, सोशल सिक्युरिटी (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक देणारं कार्यालय) या सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. रोजच्या वापरासाठी ‘प्रेफर्ड नेम’ वेगळं नोंदवता येतं. अर्जात एकदा वडिलांचं नाव गाळलं आणि एकदा घातलं, की दोन वेगळ्या व्यक्तींच्या नोंदी तयार होतात आणि त्या जुळवण्यात महिना जातो.

मिक्सर आणि राइस कुकर नेऊ नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली उपकरणं २३० ची. ती नीट चालत नाहीत.

३. पहिला आठवडा: आधी कुठे जायचं

आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, हे तिकीट काढताना लक्षात ठेवा. पोचल्यावर हा क्रम पाळा:

पहिल्या दिवशी सीमाशुल्क विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, उतरवून घ्या. वर्ग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि मुदतीच्या जागी डी/एस (विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेपर्यंत) आहे ना, ते पाहा. चूक असेल तर तेव्हाच कळवा.

त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय. तिथल्या अधिकाऱ्याला डीएसओ म्हणतात. सत्राच्या सुरुवातीनंतर ३० दिवसांच्या आत त्यांनी सेव्हिसमध्ये तुमची नोंद करायची असते. ‘माझी नोंद झाली का?’ हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात ईमेलने विचारा. राहण्याचा पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं.

मग रजिस्ट्रार आणि फी खातं. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. पदव्युत्तरला हा आकडा विद्यापीठ ठरवतं. पूर्णवेळेच्या हिशोबात ऑनलाइन विषय एकच, जास्तीत जास्त ३ क्रेडिटचा, धरतात. अवघड वाटणारा विषय डीएसओला न विचारता सोडला आणि क्रेडिट १२ च्या खाली गेली, तर व्हिसाचा दर्जाच जातो. प्राध्यापकाने परवानगी दिली, सल्लागाराने मान डोलावली, तरी ती परवानगी इमिग्रेशनसाठी चालत नाही. आधी डीएसओ, मग विषय सोडण्याचा अर्ज.

फी खात्यावर छोटीशी रक्कम जरी बाकी राहिली तरी ‘होल्ड’ लागतो आणि पुढच्या सत्राची नोंदणी अडते. एकरकमी भरणं जमत नसेल तर हप्त्यांची योजना विचारा. ती पहिल्या हप्त्याच्या तारखेआधी घ्यावी लागते.

आई-वडिलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. फर्पा या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ पालकांना गुण किंवा फीची माहिती देत नाही. घरून फोन गेला की ‘सांगता येणार नाही’ असं उत्तर मिळतं आणि इकडे सगळे घाबरतात. पैसे घरून येणार असतील तर निदान फी खात्यापुरता संमतीचा फॉर्म भरून द्या.

टपालाचा बॉक्स नंबरही पहिल्याच आठवड्यात घ्या. पार्सलवर तो नसला तर मेलरूममधून पार्सल परत जातं.

४. चॅपलचा हिशोब

चॅपल सहसा सकाळी दहाच्या आसपास, आठवड्यातून एक ते तीनदा असतं. त्या वेळेत वर्ग नसतात आणि बरीचशी कार्यालयंही बंद असतात. गाणी, प्रार्थना, एखादं प्रवचन किंवा पाहुण्यांचं भाषण, असं पाऊण तासाच्या आत आटपतं.

जिथे सक्ती असते तिथे हजेरी ओळखपत्र किंवा फोन स्कॅन करून लागते आणि सत्राला ठरावीक चॅपल-क्रेडिट (ही हजेरीची, अभ्यासाची नव्हेत) पूर्ण करायची असतात. नवे विद्यार्थी इथे तीन प्रकारे फसतात. आत जाताना स्कॅन केलं, पण बाहेर पडतानाही करायचं होतं हे माहीत नव्हतं. उशिरा पोचले आणि हजेरी बंद झालेली होती. किंवा सगळी क्रेडिट शेवटच्या महिन्यावर ढकलली, जेव्हा कार्यक्रमच उरलेले नसतात. दर दोन आठवड्यांनी पोर्टलवर आकडा तपासा. स्कॅन होऊनही नोंद दिसत नसेल तर त्याच आठवड्यात चॅपल कार्यालयाला कळवा. सत्राच्या शेवटी जुनी तक्रार कोणी उघडत नाही.

प्रयोगशाळा, इंटर्नशिप किंवा नोकरीची वेळ आड येत असेल तर सवलतीचा अर्ज असतो. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच संपते. काही ठिकाणी छोट्या गटातली चर्चा, सेवाकार्य किंवा संध्याकाळचं व्याख्यान यांचीही क्रेडिट मिळतात. ख्रिस्ती नसलेल्यांना हे पर्याय बहुधा जास्त रुचतात.

आत वागायचं कसं? सगळे उभे राहिले की उभं राहणं हा शिष्टाचार आहे. गाणं किंवा प्रार्थना म्हणणं तुमच्यावर बंधनकारक नसतं. टोपी काढा, फोन बंद ठेवा. कम्युनियनची भाकर आणि द्राक्षरस फिरू लागला तर तो प्रसाद समजून हात पुढे करू नका. तो त्यांच्या श्रद्धेतला पवित्र विधी आहे आणि बऱ्याच पंथांत फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो. ताट शांतपणे पुढे द्यायचं किंवा जागेवर बसून राहायचं. त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

रविवारी चर्चला येण्याची आमंत्रणं येतील. बहुतेक मनापासूनची असतात. जायचं असेल तर जा, नसेल तर ‘आमंत्रणाबद्दल आभार, पण मी येणार नाही’ एवढं स्पष्ट सांगा. ‘बघू’ म्हटलं तर ते होकार समजतात आणि रविवारी सकाळी गाडी घेऊन दारात उभे राहतात.

५. जेवण आणि मील प्लॅन

वसतिगृहात राहणाऱ्यांना मील प्लॅन, म्हणजे भोजनगृहातल्या जेवणांचे आधीच भरलेले पैसे, बहुतेक सक्तीचा असतो. तो ‘अमर्याद’, ‘आठवड्याला ठरावीक जेवणं’ किंवा ‘सत्राला ठरावीक जेवणं’ अशा प्रकारांत मिळतो. आठवड्याच्या प्लॅनमध्ये न वापरलेली जेवणं आठवडा संपला की जातात. म्हणून खोलीवर थोडंफार करून खाणाऱ्याला सत्राचा प्लॅन परवडतो. प्लॅन बदलण्याची मुदत साधारण पहिल्या दोन आठवड्यांत असते. सोबत मिळणारे ‘फ्लेक्स डॉलर’ (कॅम्पसवर खाण्यासाठी खात्यात जमा असलेले पैसे) पुढच्या सत्रात नेता येतात की नाही, तेही विचारा.

शाकाहारींनी पाट्यांवर विसंबू नये. टोमॅटो किंवा भाज्यांच्या सूपमध्ये चिकनचा रस्सा असू शकतो, रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी, सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे, मार्शमॅलोत आणि जेलोत जिलेटिन. भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला एकदा भेटून काय खाता, काय नाही ते लिहून द्या. लहान विद्यापीठाचा खरा फायदा इथे दिसतो. स्वयंपाकघर माणसाला ओळखू लागतं, वेगळी डाळ-भाजी करून देतं, कधी पाककृतीही मागतं. व्यवस्थापक नकार देत असेल आणि तुमचं कारण आरोग्याचं किंवा धर्माचं असेल, तर विद्यार्थी कल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज करा.

भोजनगृहाच्या वेळा आपल्या पोटाला लवकर वाटतात. रात्रीचं जेवण सातच्या सुमाराला बंद होतं आणि शनिवार-रविवारी दोनच वेळा मिळू शकतं. पोहे, दाण्याची चटणी, मेतकूट असं काही खोलीत असू द्या.

६. वसतिगृहात

प्रत्येक मजल्यावर एक विद्यार्थी ‘आरए’, म्हणजे मजल्याची देखरेख करणारा, असतो. चावी हरवली, रूममेटशी पटत नाही, हीटर बंद पडला: पहिली तक्रार त्याच्याकडे. खोलीत जाताना एक पाहणीपत्रक भरायला देतात. भिंतीवरचे ओरखडे, गादीवरचे डाग, पडद्याची दोरी, सगळं त्यात लिहा आणि फोटो काढून ठेवा. न लिहिलेलं नुकसान जाताना तुमच्या खात्यावर पडतं.

खोलीत उघडी ज्योत चालत नाही. उदबत्ती, निरांजन, कापूर यातलं काहीच नाही. दिवाळीत बॅटरीच्या पणत्या लावा. हॉटप्लेटही बंद असते. मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात फोडणी मात्र जपून करा. तेल धुरकट झालं की धूरसूचक वाजतो, इमारत रिकामी करावी लागते आणि अग्निशमनाची गाडी येते, मग उणे दहा अंश असो की मध्यरात्र. तेल कमी तापवा, मोहरी तडतडायच्या आत झाकण ठेवा, खिडकी आणि पंखा आधीच चालू करा. धूरसूचकावर पिशवी बांधणं मात्र गंभीर गुन्हा धरतात आणि त्याला दंड असतो.

मिशिगन आणि इलिनॉयमध्ये राज्याच्या कायद्याने प्रौढांना गांजा चालतो. संघीय कायद्याने तो अजूनही बेकायदा आहे आणि व्हिसा संघीय आहे. त्यामुळे करारपत्र बाजूला ठेवलं तरी परदेशी विद्यार्थ्याने त्यापासून लांब राहावं.

७. आजारपण, विमा, मनाचं आरोग्य

विद्यापीठाचा विमा बहुतेकदा आपोआप लागतो आणि फीमध्ये दिसतो. तुमच्याकडे चालण्याजोगा दुसरा विमा असेल तर ‘वेव्हर’चा (विद्यापीठाच्या विम्यातून सूट मागण्याचा) फॉर्म मुदतीत भरा, नाहीतर दोन्हींचे पैसे जातात. भारतातून घेतलेला स्वस्त प्रवास विमा बऱ्याच विद्यापीठांना चालत नाही.

कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात नर्स असते, डॉक्टर कधीमधी. सर्दी-ताप तिथे. टाके, मुरगळणं, संध्याकाळचा ताप यासाठी गावातलं अर्जंट केअर (वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना). छातीत दुखणं, श्वास घ्यायला त्रास होणं, मोठा अपघात, यासाठी ९११ किंवा इमर्जन्सी. साध्या तापाला इमर्जन्सीत गेलात तर बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. जाण्याआधी विमा कंपनीच्या यादीत ते ठिकाण ‘इन-नेटवर्क’ (कंपनीशी करार असलेलं) आहे का ते पाहा.

समुपदेशनाच्या काही बैठका बहुतेक ठिकाणी मोफत असतात. इथे एक फरक नीट समजून घ्या. कॅम्पस पाद्री आणि परवानाधारक समुपदेशक या दोन वेगळ्या व्यक्ती. पाद्री प्रेमाने ऐकतात, पण त्यांचं काम आध्यात्मिक आहे. उदासी, झोप उडणं, घाबरेपणा यासाठी परवानाधारक समुपदेशकच मागा. ‘मी सांगितलेलं कोणाला कळतं आणि कोणत्या परिस्थितीत बाहेर जातं?’ हे पहिल्याच भेटीत विचारा. नोव्हेंबरपासून दिवस लहान होतात, बर्फ पडतं, आणि आपल्या भाषेत बोलणारं आसपास कोणी नसतं. ही वेळ यायच्या आत, ऑक्टोबरमध्येच, वेळ ठरवून ठेवा. जिवावर बेतणारे विचार आले तर ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

८. कॅम्पसवरची नोकरी

एफ-१ वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं, मोठ्या सुट्टीत पूर्णवेळ. लहान विद्यापीठात जागा मोजक्याच: भोजनगृह, ग्रंथालय, मैदान-सफाई, आयटी मदत कक्ष. बऱ्याच जागा ‘वर्क-स्टडी’ म्हणजे अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सरकारी मदतीतल्या असतात, त्या आपल्याला मिळत नाहीत. जाहिरातीत ‘इन्स्टिट्यूशनल’ किंवा ‘कॅम्पस एम्प्लॉयमेंट’ असं लिहिलेल्या शोधा.

क्रम असा: नोकरीचं पत्र, त्यावर डीएसओचं पत्र, मग सोशल सिक्युरिटी कार्यालय. सोबत मूळ पासपोर्ट, आय-२० आणि छापील आय-९४. अमेरिकेत आल्यावर किमान १० दिवस थांबून जा, नाहीतर सरकारी नोंदी जुळत नाहीत आणि परत यावं लागतं. हे कार्यालय बहुधा शेजारच्या मोठ्या गावात असतं. डीएसओला विचारलं तर नव्या विद्यार्थ्यांसाठी व्हॅन ठरवतात. कामाला लागल्यापासून तीन कार्यालयीन दिवसांत आय-९ फॉर्म (काम करण्याची परवानगी असल्याची नोंद) पूर्ण व्हावा लागतो.

चर्चमधल्या कोणी ‘आमचं अंगण साफ कर, पैसे देतो’ म्हटलं, तर पैसे घेऊ नका. कॅम्पसबाहेरचं परवानगीशिवायचं काम म्हणजे व्हिसाचा भंग, मग देणारा कितीही सज्जन असो.

पगारपत्रक नीट पाहा. पहिली पाच कॅलेंडर वर्षं एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर कापायचा नसतो. लहान विद्यापीठाच्या पगार विभागाला परदेशी विद्यार्थ्यांची सवय नसते, त्यामुळे तो चुकून कापला जातो; दाखवलं की परत मिळतो. कमाई नसली तरी करविभागाचा फॉर्म ८८४३ भरावा लागतो. कमाई असेल तर १०४०-एनआर हे परदेशी व्यक्तींचं करविवरणपत्र, १५ एप्रिलपर्यंत. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र कमाईतून ठरावीक वजावट, घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, म्हणून वर्गमित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका.

९. अभ्यासासाठीच्या सोयी

ग्रंथालय छोटं दिसलं तरी आंतरग्रंथालयीन सेवेतून जवळपास कोणतंही पुस्तक येतं, बहुधा फुकट. लेख काही दिवसांत ईमेलवर येतो, पुस्तकाला आठवडा-दोन आठवडे लागतात. महागडी पाठ्यपुस्तकं ‘रिझर्व्ह’मध्ये दोन-तीन तासांसाठी मिळतात. ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठात शुक्रवार संध्याकाळपासून ग्रंथालय बंद, बाकी बऱ्याच ठिकाणी रविवारी दुपारनंतरच उघडतं. सोमवारच्या कामाचं नियोजन त्यानुसार करा.

रायटिंग सेंटरला (लेखनात मदत करणाऱ्या केंद्राला) निबंध जमा करायच्या तीन-चार दिवस आधी जा. ते व्याकरण दुरुस्त करून देत नाहीत, मांडणीवर बोलतात. बायबलच्या विषयात श्रद्धेचे गुण नसतात. मजकुराचा संदर्भ, काळ आणि रचना यांवर लिहायचं असतं. वाक्यं थोडी बदलून उतरवणं हीसुद्धा तिथे चोरी धरतात.

१०. सुट्ट्यांत राहायचं कुठे

थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) भोजनगृह बंद होतं आणि नाताळात बऱ्याचदा वसतिगृहही. सुट्टीतल्या मुक्कामाचा अर्ज ऑक्टोबरमध्ये निघतो, जागा थोड्या असतात आणि वेगळे पैसे पडतात. ‘होस्ट फॅमिली’ योजनेत नाव दिलंत तर एखादं स्थानिक कुटुंब चार दिवस घरी नेतं. खाण्याच्या सवयी, कुत्र्या-मांजरांची ॲलर्जी आधी कळवा. जेवणाआधी ते प्रार्थना करतात, तेवढा वेळ थांबा.

विमानतळावरच्या शटलसाठी नावनोंदणी दोन आठवडे आधी बंद होते. भारतात येणार असाल तर आय-२० च्या दुसऱ्या पानावरची डीएसओची प्रवासासाठीची सही पाहा. ती वर्षभर चालते. नाताळच्या सुट्टीत कार्यालयाला कुलूप असतं, म्हणून ती सही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच घेऊन ठेवा.